पांढरीतून गेलेली पाइपलाइन

मातीचा रंग बदलला की थांबायचं. पिवळट चिकणमाती संपून एकदम काळपट, मऊ, बोटांना तेलकट लागणारी माती आली आणि त्यात शिंपल्यांचे पांढरे तुकडे दिसायला लागले की मी बॅकहोवाल्याकडे बघून हात वर करते, आणि तो यंत्र बंद करतो, आणि मग रस्त्यावर जी शांतता पसरते तिची मला इतक्या वर्षांनंतरही सवय झालेली नाही.

मी कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को बेच्या, म्हणजे इथल्या मोठ्या खाडीच्या, पूर्वेकडे एका सरकारी पाणीपुरवठा संस्थेत काम करते, नाव सांगत नाही. आमच्या जुन्या पाइपलाइनी गळायला लागल्यात, भूकंपाचा प्रदेश आहे, त्यामुळे त्या बदलण्याचं काम वर्षभर चालू असतं. माझं काम त्याच्या आधीचं. जिथे खणायचंय तिथे पूर्वी कोण राहायचं, त्यांची माणसं तिथे पुरलेली आहेत का, त्यांचे आजचे वारस कोण, आणि त्यांना या कामाबद्दल काय वाटतं हे त्यांनाच जाऊन विचारायचं. माझ्या पदाच्या नावात ट्रायबल एंगेजमेंट आहे आणि कल्चरल रिसोर्सेसही आहे. मुलुंडला आईला फोनवर हे समजावत होते, मराठीत काय म्हणावं तेच सुचेना, सांस्कृतिक संसाधन वगैरे म्हणून बघितलं, तर ती मध्येच म्हणाली, "म्हणजे पांढरीत खणायच्या आधी विचारायचं, एवढंच ना?"

एवढंच.

आईचं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली की चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, हाडं, खापरं असं सगळं साठून जमीन उंच होते आणि तिचा रंग, पोत सगळंच बदलतं. ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणाची ही माती खत म्हणून फार चांगली, आजोबा बैलगाडीनं आणून शेतात टाकायचे, पण पहिली कुदळ मारायच्या आधी तिथे नारळ फोडायचे. त्याच नदीवर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं, साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, पाण्यासाठी खणलेला पाट सापडला, आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं सापडली, लहान मुलं तर मडक्यांत ठेवलेली. म्हणजे जिथे स्वयंपाक व्हायचा, जिथे झोपायचे, तिथेच खाली आपली मेलेली माणसं. गाव आणि स्मशान वेगळं असलंच पाहिजे हे सगळीकडे खरं नसतं, हे मला इथे आल्यावर दुसऱ्यांदा शिकायला मिळालं.

कारण या बेच्या काठावर इथल्या मूळ रहिवाशांनी, ओलोनी लोकांनी, हजारो वर्षं हेच केलं. शिंपले, कालवं, मासे खायचे, टरफलं तिथेच साठायची, त्यावर घरं, त्यातच पुरलेले पूर्वज. त्याचे डोंगर झाले. इंग्रजीत शेलमाउंड म्हणतात, पण मला ती इथली पांढरीच वाटते. नेल्स नेल्सन नावाच्या अभ्यासकानं बेच्या काठानं पायी फिरून १९०९ साली यादी छापली, त्यात असे जवळजवळ ४२५ ढिगारे होते. आज जमिनीच्या वर जवळपास काहीच शिल्लक नाही. एमरीव्हिलचा सगळ्यात मोठ्यांपैकी एक, त्याच्या माथ्यावर एकोणिसाव्या शतकात चक्क नाचाचा मंडप बांधलेला होता, १९२४ साली तो सपाट केला, मग कारखाना आला, आणि आता मॉल आहे. समोरच्या रस्त्याचं नाव शेलमाउंड स्ट्रीट. इथली आपली कितीतरी मराठी मंडळी तिथे शनिवारी खरेदीला जातात, मीही जायचे.

आणि ढिगारा सपाट केला म्हणजे माती नाहीशी झाली असं नाही. ती गाड्यांत भरून लोकांनी रस्त्यांच्या भरावाला नेली, बागांना नेली, खळगे बुजवायला वापरली. त्यामुळे आमच्यासारख्यांना होतं काय की जिथे नकाशावर काहीही नाही, जिथे कधी वस्तीच नव्हती, अशा ठिकाणीसुद्धा १९३०च्या पाइपाभोवतीच्या भरावात शिंपले लागतात. आणि कधी कधी फक्त शिंपलेच नसतात.

मला पहिल्यांदा वाटायचं की पाणीखात्याच्याच वाट्याला हे इतकं का येतं. मग नकाशे एकावर एक ठेवून बघितले तेव्हा कळलं, कारण अगदी साधं आहे. माणूस पाण्याकाठी राहतो आणि पाइपही पाण्याकाठूनच जातो. ओढ्याच्या कडेची सपाट जागा, दोन ओढ्यांचा संगम, पूर येऊनही कोरडा राहणारा उंचवटा, हे सगळं हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आधीच हेरलेलं असतं आणि शंभर वर्षांपूर्वी एखादा इंजिनिअर दुर्बीण लावून नेमकी तीच जागा निवडतो. आणि धरणाला काय लागतं, तर अरुंद तोंडाची रुंद दरी, म्हणजे राहायला सगळ्यात चांगली जागा. सॅन फ्रान्सिस्कोला योसेमिटीतल्या ज्या हेच हेची दरीतलं पाणी मिळतं, तिचं नावच तिथल्या मूळ लोकांच्या मिवोक भाषेतलं, खाण्याजोगं बी देणाऱ्या एका गवतावरून पडलेलं. १९१३ला संसदेनं परवानगी दिली, १९२३ला धरण पूर्ण झालं, १९३४ला पाणी शहरात पोचलं. ही दरी वाचवायला निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूर केवढे झगडले ते सगळ्या पुस्तकांत असतं, पण ते गवत कापून त्याचं बी खाणाऱ्या माणसांना कुणी विचारलं का, हा प्रश्न त्या पुस्तकांत मला फार कमी दिसला.

आता विचारायचा कायदा आहे. एबी ५२ म्हणतात, २०१४ साली झाला, जुलै २०१५पासून लागू. कॅलिफोर्नियात कुठल्याही सरकारी संस्थेनं मोठं काम काढलं की पर्यावरणाच्या कायद्याखाली, म्हणजे सीक्वाखाली, त्या भागाशी पिढीजात नातं असलेल्या आणि आम्हाला कळवा असं आधी लेखी सांगून ठेवलेल्या ट्राइब्जना कळवायचं, ठरल्यापासून १४ दिवसांत. त्यांनी ३० दिवसांत सांगायचं की आम्हाला बोलायचंय, आणि मग पुढच्या ३० दिवसांत बोलणी सुरू करायची. या कायद्याची एक गोष्ट मला मनापासून आवडते. केंद्र सरकारनं मान्यता न दिलेल्या ट्राइब्जनाही तो धरतो. हे फार महत्त्वाचंय कारण इथल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच लोकांना अशी मान्यताच नाही. १८५१-५२ साली अमेरिकन सरकारनं कॅलिफोर्नियातल्या लोकांबरोबर १८ तह केले, सिनेटनं ते मंजूर तर केले नाहीतच, वर १९०५पर्यंत गुप्त ठेवले. म्हणजे लोकांनी सह्या करून जमीन सोडली आणि बदल्यात जे मिळायचं होतं ते पन्नास वर्षं फायलीत बंद.

माझी चूक या ३० दिवसांचीच आहे. नोकरीला नवीन होते, एका रस्त्याखालची पाइपलाइन बदलायची होती, मी नियमाप्रमाणे पत्रं पाठवली, रजिस्टर्ड, पोचपावतीसकट. पोचपावत्या आल्या, उत्तर कुणाचंच आलं नाही. एकतिसाव्या दिवशी मी तक्त्यात लिहिलं, प्रतिसाद नाही, आणि फाइल पुढे सरकवली, आणि मला त्यात काही चुकलंय असं वाटलंसुद्धा नाही, उलट वेळेत काम झालं म्हणून बरंच वाटलं.

चार महिन्यांनी त्याच रस्त्यावर, साधारण पाच फूट खोलीवर, मातीचा रंग बदलला.

हाडं लागली की काय करायचं हे कायद्यात घड्याळ लावून ठरलेलं आहे. काम तिथल्या तिथे बंद. काउंटीच्या कोरोनरला, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन. ही हाडं गुन्ह्याची आहेत की जुनी, हे त्यानं दोन कामाच्या दिवसांत ठरवायचं. नेटिव्ह अमेरिकन असतील तर २४ तासांत राज्याच्या हेरिटेज कमिशनला, म्हणजे मूळ रहिवाशांचा वारसा सांभाळणाऱ्या आयोगाला, कळवायचं. कमिशन मग एक व्यक्ती नेमतं, तिला मोस्ट लाइकली डिसेंडंट म्हणतात, म्हणजे जिचं नातं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त अशी वंशज. तिला जागेवर येऊ दिल्यापासून ४८ तासांत काय करायचं ते सुचवायचं. मला हे शब्द तेव्हाही खटकले होते. आपल्याकडे तेराव्याला कुणी दारात येऊन म्हणालं की तुम्हीच बहुधा नातू असाल, तर कसं वाटेल?

त्या रात्री आम्ही खड्ड्यावर आधी कापड, मग प्लायवूड, मग लोखंडी प्लेट टाकली. काँट्रॅक्टरची माणसं बसून असल्याचे तासाचे पैसे चालू होते, मला दर दोन तासांनी ऑफिसमधून फोन येत होते की कधी सुरू होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी कमिशननं नेमलेल्या वंशज आल्या. सत्तरीच्या, काठी घेऊन, बरोबर भाची. इथल्या पद्धतीनं मी त्यांना नावानं हाक मारते पण मनात पहिल्या दिवसापासून आजी म्हणते, तर आजींनी आधी कापड वर करायला सांगितलं नाही. खड्ड्याच्या कडेला खुर्ची मागून घेतली आणि खाली बघत आपल्या भाषेत बराच वेळ बोलत राहिल्या. भाचीनं सेज नावाच्या सुगंधी झुडपाची पानं पेटवली. मग आजींनी मला विचारलं, "रात्री कुणी होतं का इथे?" मी म्हटलं, सिक्युरिटी गार्ड होता. "तसं नाही," त्या म्हणाल्या, "त्याच्याजवळ कुणी बसलं होतं का?"

मला काही बोलता आलं नाही. आमच्याकडे घरात माणूस गेलं की रात्रभर कुणीतरी जवळ बसतं, दिवा तेवत ठेवतात, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. पण मी त्या माणसाला माणूस धरलंच नव्हतं. माझ्या रिपोर्टमध्ये तो फीचर नंबर एक होता.

पुढच्या दोन दिवसांत त्यांनी जे सांगितलं ते सगळं झालं. फोटो नाहीत. हाडं खोक्यात घालून लॅबला नाहीत. त्याला उचलायचंच नाही, तुमचा पाइप उचला. इंजिनिअर लोक आधी वैतागले, मग एकानं कागदावर रेघ काढून दाखवली की दोन बेंड टाकले तर बाजूनं जाता येतं, आणि झालं. इतकं सोपं होतं ते. आधी कळलं असतं तर तो खड्डा तिथे पडलाच नसता, आणि मला हे खूप टोचत राहिलं, म्हणून काही आठवड्यांनी धीर करून आजींना विचारलं की माझं पत्र मिळालं होतं का. त्या म्हणाल्या, मिळालं होतं. त्या महिन्यात त्यांच्याकडे अशी पत्रं ढिगानं आली होती, रस्त्यांची, गॅसची, घरांच्या स्कीमची, टॉवरची, आणि हे सगळं वाचणारी माणसं दोन, त्याही आपापली कामं सांभाळून, बिनपगारी, आणि त्यातच धाकटा भाऊ गेला. "तुझ्या पत्रात तीस दिवस लिहिलं होतं," त्या म्हणाल्या, "आमचा दुखवटा त्याहून मोठा असतो."

त्यानंतर मी तक्त्यातला तो कॉलम काढून टाकला. प्रतिसाद नाही म्हणजे होकार, हे गणितच चूक आहे. आता मी पत्राच्या आधी फोन करते, आणि फोनच्याही आधी, म्हणजे डिझाइन व्हायच्या आधी, नकाशावर रेघ मारायच्या आधी जाऊन भेटते. रेघ मारून झाल्यावर विचारलं तर तो प्रश्न राहत नाही, ती फक्त खबर असते. तोवर सर्व्हे झालेला असतो, बजेट मंजूर झालेलं असतं, कुणाच्या तरी प्रमोशनला ती तारीख बांधलेली असते, आणि मग समोरच्यानं काहीही सांगितलं तरी तो अडथळाच ठरतो. आधी विचारलं तर तीच माहिती साध्या कागदावर पेन्सिलीनं सामावून घेता येते. आणि वेळेचे पैसे द्यायचे. इंजिनिअर कन्सल्टंटला तासाचे पैसे देताना कुणी का-कू करत नाही, मग ज्यांना हजार वर्षांची माहिती आहे त्यांनी फुकट का यावं, यावर मी ऑफिसात बरीच भांडले आहे आणि अजून भांडते.

फ्रीमॉन्टला राहणाऱ्यांनी एकदा नाइल्स कॅन्यनच्या रस्त्यानं सुनोलला जाऊन यावं. तिथे पाण्याचं देऊळ आहे, खरोखरच वॉटर टेंपल म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोला पाणी विकणाऱ्या खासगी कंपनीनं १९१० साली बांधलेलं, रोमन पद्धतीचं, गोल, १२ खांबांचं, मध्ये खाली पाणी वाहायचं. नंतर १९३०ला कंपनीच शहरानं विकत घेतली. तर याच परिसरात पाणीखात्यानं पाणलोटाबद्दल माहिती देणारं केंद्र बांधायचं काढलं तेव्हा खाली गाव लागलं आणि माणसं लागली. ओलोनींपैकीच असलेल्या मुवेक्मा ओलोनी लोकांनी त्या जागेला आपल्या चोचेन्यो भाषेत नाव दिलं, सिई तूपेंताक, म्हणजे पाण्याच्या गोल घराची जागा. आणि ती भाषा बोलणारं शेवटचं माणूस १९३०च्या दशकात गेलं होतं, एका भाषाशास्त्रज्ञानं त्याआधी उतरवून घेतलेल्या कागदांवरून आजची पिढी ती परत शिकतेय.

पुढची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. १९२५ साली बर्कलीचे मोठे मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी आपल्या ग्रंथात हे लोक व्यवहारापुरते संपले असं लिहून टाकलं. त्याच सुमाराला, १९२७मध्ये, सरकारच्या यादीतूनही ते गेले. संपलेले लोक सुनोलपासून थोड्याच अंतरावर प्लेझंटनच्या बाजूला राहत होते, मुलं शाळेत जात होती. मग मुवेक्मांनी स्वतः पुढाकार घेतला, सुनोलची ही आणि आणखी एक अशा दोन जागांवर सापडलेल्या १२ पूर्वजांचा आणि आजच्या ८ जणांचा डीएनए तपासायला शास्त्रज्ञांना बोलावलं, २०२२ला निकाल छापून आला की सुमारे दोन हजार वर्षांपासूनचं नातं सलग दिसतंय. त्यांना हे आधीच माहीत होतं. ते सगळ्या जगाला दाखवायला शेवटी पूर्वजांनाच साक्षीला बोलवावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना केंद्राची मान्यता अजूनही नाही.

मी स्वतः तानसाच्या पाण्यावर वाढले. मुलुंडला आमच्या चाळीपासून पाच मिनिटांवर ते मोठाले पाइप, त्यांना कान लावला की आत पाणी घुमायचं. बाबा पाणीखात्यात होते. एकदा मला, दहा वर्षांची असेन, कामाबरोबर तलावावर घेऊन गेले, कुठल्या ते नको. तिथे एक वारली आजोबा झाडाखाली बसले होते, बाबांनी त्यांना तंबाखू दिली, आणि बोलता बोलता ते पाण्याकडे हात करून म्हणाले, "आमचा वाघदेव तिथे हाय, खाली." बाबा म्हणाले, हलवला नाही का? ते म्हणाले, "नवा मांडला वर. पण त्यो तिथंच हाय." बाबा गप्प झाले. येताना गाडीत कितीतरी वेळानं मला म्हणाले, आपण पितो ते पाणी कुणाच्या तरी देवावरून येतं बघ. मग घरी येऊन मी नळाचं पाणी प्यायले होते की नाही ते मला आठवत नाही, पण वाक्य आठवतं.

आपल्याकडे विचारायचा कायदा कॅलिफोर्नियापेक्षा जुना आहे. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा १९९६चा, वनहक्क कायदा २००६चा, अनुसूचित क्षेत्रात जमीन घ्यायच्या आधी ग्रामसभेशी बोललंच पाहिजे. शहापूर, मोखाडा, जव्हार, सगळं त्यात येतं. मुंबईचं पाणी जिथून येतं त्याच शहापुरातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर येतात, हे दरवर्षी पेपरात वाचतो आपण. विचारणं म्हणजे ठरल्यानंतर मंडप घालून सह्या घेणं असेल, तर माझ्या त्या एकतिसाव्या दिवसाच्या तक्त्यात आणि त्यात मला फरक दिसत नाही.

मागच्या महिन्यात आजींबरोबर एका ओढ्याकाठी गेले होते. नवीन पाइपलाइन होणारेय, अजून रेघ नाही, फक्त इथून तिथे पाणी न्यायचंय एवढंच ठरलंय. त्यांचे गुडघे आता फार दुखतात, आम्ही हळूहळू चाललो, मध्ये त्यांनी ओकची फळं उचलून खिशात टाकली, किडकी कुठली ती फेकायला मला शिकवली. एका वळणावर थांबल्या. काहीच बोलल्या नाहीत. मीही वही काढली नाही. ही माहिती नकाशात जात नाही, कायद्यानंही ती गुप्त ठेवायची असते, कारण जागा कळली की लोक रात्री फावडी घेऊन येतात, हे पूर्वी झालेलं आहे. म्हणूनच या लेखात तुम्हाला मी माझ्या कामाच्या जागेचा कुठलाही ओढा, रस्ता सांगितलेला नाही.

ऑफिसात आल्यावर डिझाइनच्या मुलाला सांगितलं की इथून सरळ नको, या टेकाडाच्या पलीकडून घे. तो नवीन आहे, हुशार आहे, म्हणाला दोनशे फूट पाइप जास्त लागेल, कारण काय लिहू? मी म्हटलं, अलाइनमेंट अशी ठरली, एवढंच लिही. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानं पेन्सिलीची रेघ खोडली आणि वळवून घेतली.

संध्याकाळी आजींना फोन केला. भाचीनं उचलला, त्या झोपल्यात म्हणाली. मी म्हटलं उठवू नकोस, उद्या करते.